हळदीच्या कापडाची नऊ मिनिटं

हळदीने रंगवलेली एखादी जुनी अष्टपुत्री घ्या. पणजीच्या लग्नातली, ट्रंकेच्या तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली, म्हणून अजून पिवळीधमक. ती वैशाखातल्या दुपारी अंगणातल्या दोरीवर टाकली, तर तिने वर्षभरात सोसावा एवढा सगळा उजेड किती वेळात तिच्यावर पडून जाईल? नऊ मिनिटांत.

हा आकडा कुणाच्या मनचा नाही. प्रकाशासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००४ मध्ये संग्रहालयांसाठी एक अहवाल काढला. त्यात वस्तूंचे चार गट केले आहेत. दगड, धातू, काच, भाजलेली माती यांना उजेडाची पर्वा नाही. तैलचित्रं, लाकूड, हाड यांना थोडी आहे. सुती-लोकरी वस्त्रं, हस्तलिखितं, जलरंगातली चित्रं नाजूक. आणि रेशीम, वर्तमानपत्राचा कागद, हळद-कुसुंब्यासारखे उडते रंग सगळ्यांत नाजूक. या शेवटच्या गटाला वर्षाकाठी १५,००० ‘लक्स-तास’ एवढाच उजेड द्यावा, असं तो अहवाल सांगतो. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप. मीटरभर अंतरावरच्या एका मेणबत्तीचा उजेड साधारण एक लक्स, आणि भर दुपारचं ऊन एक लाख लक्स. १५,००० ला एक लाखाने भागलं की तासाचे पंधरा शतांश येतात. म्हणजे नऊ मिनिटं.

तीच अष्टपुत्री घरात, ५० लक्सच्या मंद उजेडात ठेवली, तर तिला वर्षाला ३०० तास मिळतात. रोज आठ तास, आठवड्याला एक दिवस सुट्टी असं धरलं तर जेमतेम सव्वासहा आठवडे. उरलेलं सगळं वर्ष तिने काळोख्या खणात, घडी न घालता, पसरून विसावायचं.

उजेड कमी केला म्हणून रंग उडायचा थांबत नाही, सावकाश उडतो एवढंच. आणि खणात ठेवल्याने उडालेला रंग परत येत नाही, उडायचा तेवढा थांबतो. म्हणजे वस्तू लोकांना दाखवणं याचाच अर्थ ती थोडी थोडी खर्च करणं. स्थानिक इतिहासाचं संग्रहालय उभारणाऱ्याच्या हातात जपण्याचं काम असतं तितकंच खर्चाचंही असतं, आणि हा खर्च कुणासाठी, कधी, किती करायचा याचा हिशेब मांडणं ही मला या विद्येतली सर्वांत थोर गोष्ट वाटते. या हिशेबासाठी एक साधं साधनही आहे. निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांचं एक कार्ड मिळतं. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा दुपटी-तिपटीने टिकाऊ रंगाची असते. कार्डाचा अर्धा भाग झाकून ते वस्तूशेजारी ठेवायचं आणि काही महिन्यांनी झाकण काढून बघायचं. कुठल्या क्रमांकापर्यंतचा निळा फिका पडला, यावरून त्या खोलीत किती उजेड सांडला ते कळतं. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही.

आता कल्पना करा की रायगड जिल्ह्यातल्या धाटावात, रोह्यात किंवा कुंडलिका नदीपलीकडच्या अष्टमीत एखाद्या जुन्या कौलारू घरात असं संग्रहालय करायचं आहे. बाहेर एक लाख लक्स आणि आत ५०, म्हणजे दोन हजारावा भाग. उन्हातून आलेल्या माणसाला आत पाऊल टाकताच काळोख दिसणार आणि तो म्हणणार, दिवे लावा हो! डोळ्याची बाहुली काही क्षणांत मोठी होते, पण पडद्याच्या पेशींना मंद उजेडाशी पुरतं जुळवून घ्यायला मिनिटंच्या मिनिटं लागतात. म्हणून नवी संग्रहालयं बांधताना वास्तुविशारद मुद्दाम मधल्या खोल्या आखतात, उजेड टप्प्याटप्प्याने उतरवतात, त्यासाठी वेगळा खर्च करतात.

कोकणातल्या घरात हे काम आधीच झालेलं आहे! अंगण, मग पडवी, मग ओटी, मग माजघर. पावसाच्या झडीसाठी छपराच्या वळचणी खाली ओढलेल्या, भिंती जाड, खिडक्या लहान. उन्हातून पडवीत आलं की उजेड एकदम खाली येतो, ओटीवर आणखी उतरतो आणि माजघरात पोचेपर्यंत डोळा तयार झालेला असतो. बाहेर डोळ्यांपुढे काजवे चमकवणारं ऊन असतानाही माजघरातली बाई निवांत सुपातले खडे वेचत असे ते याच बळावर. तेव्हा मांडणीचा क्रम घरानेच ठरवून दिला आहे. पडवीत जातं, नांगराचे फाळ, होडीचा लोखंडी नांगर, वीरगळाचा दगड. ओटीवर लाकडी मापं, पितळी भांडी, तांब्याची घंगाळं. आणि माजघरात, जिथे ती वस्त्रं खरोखर नेसली गेली, बारशा-डोहाळजेवणांना मिरवली गेली, तिथेच वस्त्रं आणि कागद. बायकांच्या आयुष्याची गोष्ट माजघरात सांगितली जावी हा योग उजेडाच्या शास्त्राने आपोआप जुळवून आणला आहे.

कागदांत एक कागद रोह्याला हवाच. चिंतामणराव देशमुखांचं लहानपण याच परिसरात गेलं. ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांची सही सहाव्या जॉर्ज बादशहाचं चित्र असलेल्या नोटांवर आली. बादशहाचा चेहरा आणि कोकणातल्या माणसाची सही एकाच कागदावर! ही नोट बारा महिने मांडून ठेवायचा मोह होईल. पण नोटेलाही उजेडाची मर्यादा आहे. बरीच संग्रहालयं अशा वेळी हुबेहूब प्रत मांडतात आणि मूळ कागद नेमक्या दिवसांत बाहेर काढतात. त्यात वावगं काही नाही, फक्त समोर आहे ती प्रत आहे हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. जानेवारीत, १४ तारखेच्या त्यांच्या जन्मदिवशी, मूळ नोट बाहेर येईल असं एकदा ठरलं, की त्या दिवसाला गावात वजन येतं.

जुन्या इमारतीत गावाची गोष्ट कशी मांडतात, याचं आपल्याकडचं एक जुनं आणि देखणं उदाहरण भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. त्याचा संग्रह आधी फोर्टातल्या टाउन बराक्समध्ये होता. १८५७ च्या उठावात बराकी सैनिकांसाठी हव्या झाल्या आणि वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या, कित्येक हरवल्या, फुटल्या. जॉर्ज बर्डवुड, भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट यांनी पुन्हा उभारणी केली. १८६२ मध्ये इमारतीचा पाया घातला गेला आणि २ मे १८७२ रोजी दारं लोकांना उघडली. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय हे त्याचं जुनं नाव. १९७५ मध्ये ते भाऊ दाजींच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं.

वरच्या मजल्यावर जा. तिथे तलवारी आणि सिंहासनं शोधू नका. तिथे मातीच्या छोट्या छोट्या प्रतिमा आहेत. कामात गढलेले कारागीर, निरनिराळ्या जातिजमातींची पागोटी-पगड्या, खेळणारी माणसं, होड्यांचे नमुने, गावातल्या जगण्याचे देखावे. मुंबईत हरघडी दिसणारा माणूस काचेच्या कपाटात बसवावा, हे तेव्हा सुचलं कसं याचं आजही नवल वाटतं. त्या सुचण्यात राज्यकर्त्याची नजर होती हे खरं. रयत कुठल्या कुठल्या प्रकारची आहे, ती काय करते, काय बनवते, याची ती यादी होती. पण माणसाचे हात खोटं बोलत नाहीत. ज्या मूर्तिकाराने ती बोटं वळवली, त्याला ते काम कसं होतं ते ठाऊक होतं, आणि आज आपण पाहतो ती त्याची जाण.

ही इमारत पुढे फार खालावली. २००३ मध्ये मुंबई महापालिका, वारसा जपणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. रंगांचे थर उतरवून मूळ छटा शोधल्या, सोनेरी नक्षी पुन्हा उजळली, ओतीव लोखंडी खांब आणि जमिनीच्या रंगीत फरश्या नीट केल्या. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. मला त्यातला एक निर्णय फार मोलाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकातली लाकडी-काचेची कपाटं भंगारात न काढता दुरुस्त करून तीच वापरात ठेवली. त्यामुळे तिथे दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. कपाटातली वस्तू, आणि सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी लोकांना वस्तू कशी दाखवत असत ती रीत.

त्याच आवारात आपल्या रायगड जिल्ह्याचा एक रहिवासी उभा आहे. घारापुरीचा दगडी हत्ती. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी तो हलवताना तो फुटला. त्याचे तुकडे मुंबईत आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोडून पुन्हा उभे केले गेले. मूळ जागेवरून वस्तू उचलली की तिचं काय होतं, हे त्याच्याइतकं कुणी सांगू शकत नाही. बेटाच्या किनाऱ्यावर उतरून वर चढणाऱ्या माणसाला तो दिसायचा तेव्हा तो खूण होता. बागेत तो शिल्प झाला.

म्हणून गावच्या संग्रहालयाने गावातच राहावं, गावच्याच घरात राहावं, असं मी ठासून म्हणतो. त्याची किंमतही मोजावी लागते, आणि कोकणात ती किंमत म्हणजे ओल.

रोह्याला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस नव्वदीच्या घरात. पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर आर्द्रता आणि कोंडलेली हवा मिळाली की बुरशी धरते. बरीच वर्षं युरोप-अमेरिकेतले संग्रहालयवाले सगळ्या जगाला एकच आकडा सांगत आले होते. पन्नास टक्के, फार तर पाच इकडे-तिकडे. तो गाठायला वातानुकूलन यंत्रं रात्रंदिवस चालवावी लागत, आणि रात्री वीज वाचवायला ती बंद केली की वस्तू रोज एकदा सुकत, रोज एकदा भिजत. लाकूड त्यानेच तडकतं. २०१४ मध्ये संवर्धकांच्या जागतिक संघटनांनी एकत्र येऊन जाहीर केलं की स्थानिक हवामान आणि वस्तूला झालेली सवय लक्षात घेऊन मर्यादा ठरवा. शंभर पावसाळे काढलेल्या कोकणी पेटाऱ्याला एकदम कोरड्या हवेत नेणं हाच त्याच्यावर अत्याचार. त्याला वारा द्या. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागून हवा खेळू द्या, पंखा चालू ठेवा, भिंतीला चुन्याचाच गिलावा राहू द्या. चुना ओल आत घेतो आणि सोडतोही. त्यावर सिमेंट फासलं की ओल आत कोंडते, मार्ग शोधत वर चढते आणि पोपडे काढून बाहेर पडते.

कपाट कशाचं, हाही प्रश्न साधा नाही. कुंडलिकेच्या खाडीत मासेमारी करणाऱ्यांच्या जुन्या जाळ्यांना शिशाच्या गोळ्या असतात. त्या प्लायवूडच्या नव्याकोऱ्या, घट्ट बंद कपाटात ठेवल्या, तर काही काळाने त्यांच्यावर पांढरी भुकटी दिसू लागेल आणि हळूहळू गोळीच भुकटी होईल. लाकूड आणि त्याला जोडणारे गोंद हवेत आम्लाची वाफ सोडतात, शिसं तिला बळी पडतं. शंख-शिंपल्यांचंही तेच. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये यावर एक सोपी परीक्षा काढली. ज्या सामानाचं कपाट करायचं त्याचा तुकडा, चांदी, तांबं आणि शिशाच्या चकचकीत पट्ट्या आणि थोडं पाणी एका काचेच्या नळीत घालून ती बंद करायची आणि ६० अंशांवर २८ दिवस ठेवायची. नळी उघडल्यावर पट्ट्या डागाळल्या असतील, तर ते सामान नापास. सुताराने अंदाज सांगण्याआधीच कपाट पुढच्या पन्नास वर्षांत काय करणार, ते चार आठवड्यांत कळतं.

आता एकच वस्तू जवळून पाहू. इरलं. बांबूच्या कांबट्यांची जाळी, दोन जाळ्यांमध्ये पानांचा थर, डोक्यापासून पाठीपर्यंत येणारा आकार. आवणाच्या दिवसांत चिखलात वाकून भात लावणाऱ्या बाईच्या पाठीवर दिवसभर पाऊस पडायचा, आणि तिचे दोन्ही हात मोकळे राहायचे. छत्रीला हात लागतो, इरल्याला लागत नाही. हे सगळं त्याच्या घडणीतच आहे. पण ते खिळ्याला अडकवून भिंतीवर लावलं, तर शहरातल्या मुलाला ती टोपली वाटेल. कसब इथे लागतं. इरलं वाकलेल्या पाठीच्या उंचीवर, जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर, पाठीला असतो तेवढ्याच उतारावर धरायचं. त्यासाठी पोलादाची बारीक सळई वळवून आधार करतात. इरल्याला जिथे तो टेकतो तिथे आम्ल न सोडणाऱ्या फोमची गादी लावतात. बांबूच्या जाळीतून सळई अशी नेतात की समोरून दिसू नये. वजन एका काडीवर येऊ नये म्हणून ते आठ-दहा ठिकाणी वाटून देतात. असा आधार करायला दिवस-दोन दिवस लागतात आणि बघणाऱ्याला तो दिसता कामा नये. त्याला दिसायला हवी ती बाई, जी तिथे नाही.

इरल्यात भुंगा असतो. बांबूतल्या पिष्टावर तो जगतो आणि खाली पिवळसर पीठ पाडतो. फवारणी केली तर औषध पानांत मुरतं आणि पुढे वस्तू हाताळणाऱ्याला बाधतं. म्हणून आता दोनच उपाय जास्त करून वापरतात. एक, वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये पंधरवडाभर ठेवायची. दुसरा, पिशवीतला प्राणवायू अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणून तीन आठवडे तसंच राहू द्यायचं. अंडी, अळी, भुंगा सगळं मरतं आणि वस्तूला काही होत नाही. मासे साठवणारा फ्रीजर वेळेला संग्रहालयाचा दवाखाना होऊ शकतो!

धाटावच्या संग्रहालयात मात्र इरल्यापाशी थांबून चालणार नाही. भाताच्या खाचरांशेजारी रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली, एकाच घरात बाप आवण करत होता आणि मुलगा पाळीला जात होता. भोंगा, हजेरीचं कार्ड, पिवळं हेल्मेट, तोंडावरचा रबरी मुखवटा हा इथला इतिहास आहे, आणि तो माजघरातल्या वस्त्रांइतकाच जपण्याजोगा आहे. इथे एक थक्क करणारी उलथापालथ होते. शंभर वर्षांचं सागवानी माप आणखी शंभर वर्षं निर्धास्त राहील. चाळीस वर्षांचा रबरी मुखवटा आताच चिरा पाडतोय. रबराला प्राणवायू खातो. पीव्हीसीचे हातमोजे चिकट होतात, कारण त्यांना मऊ ठेवणारं द्रव्य पृष्ठभागावर झिरपतं. फोमचा भुगा होतो. त्यांचा ऱ्हास मंदावायला गारवा, काळोख आणि प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या लागतात. आजोबांच्या वस्तू आपण सहज वाचवू, वडिलांच्या हातून निसटतील. त्या आजच गोळा केल्या पाहिजेत, आणि त्या ज्यांनी वापरल्या ती माणसं आज बोलू शकतात, हे त्याहून मोठं कारण.

आणि पाणी. कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती असते ते आपल्या पुण्याईने नव्हे. सह्याद्रीपलीकडे मुळा नदीवर मुळशीचं धरण आहे. ते पाणी मुळात भीमेतून कृष्णेला आणि पूर्वेच्या समुद्राला जायचं. टाटांनी ते अडवून पश्चिमेला वळवलं, सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. भिऱ्याचं केंद्र १९२७ चं. वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत उतरतं, डोळवहाळच्या बंधाऱ्यापाशी अडतं, आणि तिथून शेतीला आणि धाटावच्या कारखान्यांना जातं. या पाण्याखाली मावळातली गावं गेली. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने मुळशीचा सत्याग्रह झाला, तो याच धरणाविरुद्ध. धाटावच्या नळाला आलेल्या पेल्याभर पाण्यात हे सगळं आहे. हे मांडायला वस्तू नाही, म्हणून नकाशा हवा. उठावाचा, हाताने चाचपता येईल असा, ज्यावर खरंच पाणी सोडता येईल. सह्याद्रीच्या कड्यावरून थेंब पश्चिमेला घसरताना पाहिला की लहान मूलही विचारेल, तो इकडे का आला?

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. माडीवर गर्दी नको. राहत्या घराच्या जमिनीला चौरस मीटरला २०० किलोचा भार धरतात, आणि जिथे लोक उभे राहून गर्दी करतात तिथे ५०० चा. तेव्हा जातं खाली ठेवलं आणि शाळेचे साठ विद्यार्थी वर नेले, तर काही साधलं नाही. दुसरं, पाय आणि पाठ. बोस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये एका माणसाचे फोटो काढून दाखवलं, की खालच्या फळीतली वस्तू आणि तिच्या चिठ्ठ्या वाचायला त्याला कशाकशा कसरती कराव्या लागतात. बघणारा कंटाळत नाही, त्याचं अंग मोडून येतं, हे त्यांनी सिद्ध केलं. शंभर वर्षांनंतरही आपल्या कित्येक संग्रहालयांत चिठ्ठी गुडघ्यापाशीच असते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिसरं, भिंतीला खिळा नको, नवं जुन्यापासून सुटंच राहू द्या. इटलीतल्या व्हेरोनाच्या जुन्या किल्ल्यात वास्तुविशारद कार्लो स्कार्पा यांनी नवी फरशी घातली ती भिंतीपासून थोडी अलगच ठेवली, म्हणजे जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते पायालाही कळावं. आपण सारवलेल्या जमिनीवर लाकडी पाट घालून वर कपाटं ठेवली, तरी तेच तत्त्व पाळलं जातं.

चिठ्ठीचं मात्र थोडक्यात भागत नाही. उभ्याने वाचायची चिठ्ठी पन्नासेक शब्दांच्या पुढे गेली की वाचणारे झपाट्याने गळतात, असं पाहणाऱ्यांचा अनुभव आहे. त्या पन्नास शब्दांत पायलीबद्दल काय सांगायचं? ‘पायली : धान्य मोजण्याचं माप, चार शेर’ हे खरं आहे आणि त्यात काहीच नाही. याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांची शेतं कसायचं नाकारलं. संप सहा वर्षांच्या आसपास चालला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, कायदा १९४९ मध्ये झाला. या सगळ्याच्या मध्यभागी खळ्यावरची पायली आहे. भात सपाट मोजायचं की काठावर ढीग रचून, म्हणजे शीग लावून? माप कुणाचं, धरणारा हात कुणाचा? तोंड रुंद असेल तर तेवढ्याच मापावर शीग मोठी उभी राहते.

हे लिहून समजत नाही, करून समजतं. म्हणून ओटीच्या एका कोपऱ्यात खरं भात ठेवावं, आधी फ्रीजरमध्ये पंधरवडाभर राहून आलेलं, म्हणजे त्यातून कीड बाहेर पडणार नाही. दोन पायल्या, एक अरुंद, एक रुंद, दोन्ही चार शेरांच्या. येणाऱ्या प्रत्येकाने एकदा सपाट मोजावं, एकदा शीग लावून, आणि दोन वेगळ्या कणग्यांत ओतावं. संध्याकाळी दार लावण्याआधी दोन्ही कणग्या तराजूवर चढवायच्या आणि दोन्ही वजनं त्या दिवसाच्या तारखेसह फळ्यावर लिहायची. शेजारी खोताच्या खळ्यावर लहानपणी भात वाहिलेल्या माणसांची बोलणी ऐकवायची, त्यांच्याच बोलीत, न सुधारता. ती माणसं आज नव्वदीला टेकली आहेत. कपाटं नंतर झाली तरी चालतील, ध्वनिमुद्रण या पावसाळ्याआधी व्हायला हवं.